बैलबाजारातून आलेले आमचे सुपरिंटेंडेंट

आमच्या बालसदनाचा नवा सुपरिंटेंडेंट आधी काय काम करत होता, हे कोणाला विचारावं लागत नसे. मुलांच्या पंगतीला थोडा वेळ उभं राहिलं की आपोआप कळायचं.

अनाथ मुलं सांभाळणं हे शिकून घ्यायचं काम आहे, त्याचं कुठेतरी कॉलेज असतं, ही बातमी त्या काळी यवतमाळपर्यंत पोचलीच नव्हती. आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण बालसदनाला माणूस मिळायचा तो दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्यातून थकून आलेला, नाहीतर तिथून हाकललेला. आणि येताना तो आपला धंदा बोचक्यात बांधून सोबत आणायचा.

पहिले होते निवृत्त जेलर. ते पोरं मोजायचे. उठल्यावर मोजायचे, आंघोळीनंतर मोजायचे, जेवणाआधी मोजायचे आणि जेवणानंतरही मोजायचे, जणू एखाद्याने भाजीसोबत शेजारचं पोरगं खाऊन टाकलं असेल. शेवटी शेवटी स्वयंपाकघरातली मांजरही रांगेत येऊन बसायला लागली. एका सकाळी ती आली नाही, तर या गृहस्थांनी शिट्टी वाजवून सारं आवार बंद केलं आणि फरारी मांजरीला लाकडाच्या ढिगामागून पिलांसकट पकडून आणलं. खोटं वाटत असेल तर त्या मांजरीच्या पणतवंडांना विचारा, अजून त्या भागात शिट्टी वाजली की ती उभी राहतात.

दुसरे आले ते बसलेल्या नाटक कंपनीचे मॅनेजर. त्यांच्या राज्यात वरण पातळ होतं, पण वाढणारा मुलगा असा डौलात यायचा की बासुंदी आली असं वाटावं. पाहुणे यायचे असले की त्यांची तालीम चालायची. "तू उजवीकडून ये. रडू नकोस, रडू आवरत ये!" पुसदच्या एका पाहुणीला हे पाहून असे हुंदके लागले की आमच्याच मुलांनी तिला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला आणि रिक्षात बसवून दिलं.

दुसऱ्यांना हसते खरी, पण मी तरी कोण होते? शाळेतली शिवणबाई. मला मेट्रन केलं कारण कमिटीला दुसरी बाई मिळाली नाही. नवं मूल दारात आलं की बाकीचे त्याचा चेहरा बघायचे आणि मी बघायची, याच्या सदऱ्याला खाली किती दुमड ठेवावी लागेल.

तर तिसरे आले आबाजी. सारी पोरं त्यांना आबाजीच म्हणायची, मग आम्हीही म्हणायला लागलो. हे बैलबाजारातले दलाल. ढाणकीपासून कळंबपर्यंत एकही बैल असा नव्हता की जो आबाजी दिसल्यावर आपणहून तोंड उघडत नसे. गुडघे गेले, उन्हात उभं राहवेना, म्हणून धंदा सोडलेला. आमच्या अध्यक्षांनी बालसदनाला दिलेली गाय पोचवायला ते आले, ती बांधण्यावरून आम्हा सगळ्यांना यथेच्छ झापलं, मग तिथेच ओट्यावर बसून पोरांचं जेवण पाहिलं आणि स्वयंपाकिणीलाही झापलं. अध्यक्ष खूश. म्हणाले, "याला खाऊ घालण्यातलं कळतं." झाली नेमणूक.

पहिल्याच दिवशी त्यांनी पोरं रांगेत उभी केली. पाठीवरून हात फिरवला, पापण्या ओढल्या, दात पाहिले. "बाई, या पोट्ट्याच्या पोटात जंत हायेत. अन् हे पोट्टं उजव्या पायानं जपून चालते, काटा पाहा." आमच्याकडे कोणाच्या जन्माचा दाखला नव्हता, तर दात बघून हे सर्वांची वयं ठरवून मोकळे झाले. एका मुलाला त्यांनी चार वर्षांनी लहान केलं, तो आठवडाभर रडत होता, कारण त्याला परत बालवर्गात बसावं लागलं.

पण त्यांची खरी करामत होती दुपट्टा. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकतो आणि त्याच्याखाली बोटं दाबून सौदा होतो. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, बाजूच्याला पत्ता लागत नाही. आबाजींनी हे मुलांवर चालवलं. कोणी गप्प झालं की दुपट्ट्याखाली हात. "भूक लागली असंल तर एक बोट. कोनी मारलं असंल तर दोन." पोरं तोंडाने जे माझ्याजवळ वर्षभर बोलली नाहीत ते याच्या बोटांना सांगून यायची. मला हेवा वाटायचा, तो मी जेवण झाल्यावर अर्धा तास सुपारी कातरून जिरवायची.

आता मुद्द्यावर येते.

आमच्याकडे एक बहीण-भाऊ होते. आईबाप एकाच उन्हाळ्यात गेलेले. पोरगी आबाजींच्या हिशेबाने नऊची, भाऊ चारचा. त्याला न्हाऊ घालणं, भरवणं, त्याचं नाक पुसणं, सगळं तीच करायची. मी नुसती नावाची मेट्रन. आणि एक दिवस कमिटीचे सेक्रेटरी, वकीलसाहेब, बातमी घेऊन आले. आर्णीचं एक कासार जोडपं, बांगड्यांचं दुकान, पोरबाळ नाही, त्यांना सांभाळायला मुलगा हवा. हा धाकटा त्यांनी जत्रेत आमच्या रांगेत पाहिलेला, आवडलेला.

"अन् पोरगी?" आबाजींनी विचारलं.

"त्यांना एकच हवाय."

"वकीलसाहेब, एका जुवाखाली चाललेली जोडी आमी फोडत नसतो. एक इकला तं दुसरा वैरन सोडते."

"अहो, ही माणसं आहेत. एका मुलाला घर मिळतंय, ते आपण अडवायचं?"

वकीलसाहेबांचं चूक होतं असं मला म्हणवत नाही. एकाला तरी आई मिळत होती. आबाजी पुटपुटत गोठ्यात गेले आणि गाईशी बोलत बसले.

पोरीला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं. त्या आठवड्यात रोज दुपारी ती भावाला माझ्याजवळ झोपवायची आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. तो ओरडला तरी आत यायची नाही. मी म्हटलं, "काहून वो, त्याले रडवतं?"

"सवय लावून राह्यली बाई त्याले," ती म्हणाली आणि चिंचोके खेळत बसली. एकटीच. दोन्ही बाजूंनी तीच खेळायची.

मला तेव्हा काही विनोद सुचला नाही, आताही सुचत नाही.

ठरल्या दिवशी सकाळी जोडपं आलं. कासार ठेंगणा, हसरा. कासारीण लाजरी, कोपरापर्यंत बांगड्या. दोघं बाकावर, वकीलसाहेब खुर्चीवर, मी कपाटाजवळ. पोरीने भावाला तेल लावून, भांग पाडून, माझ्या हातचा सदरा घालून आत ढकललं आणि ती स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

आता इथे आबाजींनी शहाण्यासारखं गप्प राहायचं की नाही? पण समोर गिऱ्हाईक बसलेलं, आणि त्यांचा हात आपोआप पोराच्या पाठीवर गेला.

"पाहा पाव्हने, पाठ कशी लोखंडाची कांब हाय! अन् हे पाहा..." म्हणत त्यांनी पोराचा जबडा उघडला. "सारे दुधाचे दात, एक किडला नाही. खोड नाही, मारका नाही, बुजत नाही. कोनाच्याबी हाताखाली चालंल!"

कासारीण ताडकन उठली. "अवो, आमी काय बैल घ्याले आलो का इथं?"

कासारानेही पिशवी उचलली. "वकीलसाहेब, हे काय हाय? आमच्या घरात यायचं लेकरू हाय ते!"

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. पोरगी चौकटीवरून सरळ झाली. तिच्या तोंडावर आनंद नव्हता, भीती होती. आठवडाभराची मेहनत वाया चालली होती.

आबाजी काळेठिक्कर पडले. ज्या माणसाने लंगडा बैल घोड्याच्या भावात विकला, असं लोक सांगत, त्याने दोन्ही कान धरले. "चुकलं माय," ते म्हणाले. "जलम बैलायतच गेला. बसा. मी तोंड उघडत नाही." आणि लगेच उघडलं. "निस्तं एक इचारतो. तुमाले एक पायजे का दोन?"

"एकच," कासार म्हणाला. "सांगतलं ना."

कासारीण दाराकडे पाहत होती. आबाजींनी ते पाहिलं, आणि मी आबाजींना पाहताना पाहिलं.

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. "चारचौघात मनातलं बोलता येत नाही. पाव्हने, हात द्या."

कासाराने दिला. दिवसभर बायाबापड्यांचे हात दाबून बांगड्या चढवणारा माणूस, पण इथे नव्या नवरीसारखा अवघडला. दुपट्ट्याखाली थोडी हालचाल झाली. आबाजींचा चेहरा पडला, म्हणजे उत्तर एकच होतं.

"आता माय तुमी. पन तुमचा हात मी धरत नाही, लोक जोडे मारतीन. ह्यायचाच धरा." आणि त्यांनी आपला हात अलगद काढून घेतला.

अहो, तो काळ असा की नवराबायको रस्त्याने चालली तर मधून बैलगाडी जाईल इतकं अंतर ठेवायची. आणि हे दोघं भर कचेरीत, वकिलासमोर, दुपट्ट्याखाली हातात हात घालून बसलेले! वकीलसाहेब छताकडे पाहायला लागले. धाकटा दुपट्टा वर करून बघायला वाकला, तर बहिणीने सदऱ्याला धरून मागे ओढला.

कापड हलत होतं. आत दोन घुशी भांडताहेत असं हलत होतं. कासारीण मान खाली घालून शांत बसलेली, आणि कासाराच्या कपाळावर घामाचे थेंब.

"अवं, बोटं मोडतं का? त्याच बोटायवर दुकान हाय आपलं!"

ती सोडेना.

बऱ्याच वेळाने कासाराने दाराकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

"पोरगी भाकरी थापते का?"

"नसंल थापत," कासारीण म्हणाली. "मी शिकवीन."

"रातच्याले रडन."

"मी हाय ना."

कासाराने मोठा श्वास सोडला. "वकीलसाहेब, दोघायले नेतो. माहा हात सोडवा आधी."

आबाजी असे ओरडले की गोठ्यातली गाय दावं तोडून अंगणात आली. पण पोरगी हलली नाही. मग माझ्या ध्यानात आलं, तिची काहीच तयारी नव्हती! भावाचं बोचकं तिने बांधलं होतं, स्वतःचं कशाला बांधेल? एक फ्रॉक अंगावर, दुसरा ओला, दोरीवर. आणि बालसदनासमोरून जाणारी आर्णीची एस.टी. तर वळणावर धुरळा उडवताना दिसत होती.

मी धावले. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिले. माझ्या त्या वेळच्या आकारमानाला एस.टी.ने मान दिला.

"बाई, मराचं हाय का?" ड्रायव्हर ओरडला.

"तुम्हाला घाई आहे का?"

"गाडी हाय, घाई असनारच!"

मग मी त्याला अशा गोष्टी सांगितल्या, पुलाला तडा गेलाय, कलेक्टरचा हुकूम आहे, गाडीत वऱ्हाड बसायचं आहे, की त्याने इंजिन बंदच केलं. तोवर पोरगी आली. ओला फ्रॉक वरून घातलेला, पाणी निथळत होतं, हातात काही नाही. दोघं नवराबायको पोराला घेऊन आधीच चढले होते. ती पायरीवर थबकली.

कंडक्टरने विचारलं, "ही पोरगी कोनाची? अर्धं तिकीट लागंन."

पोरीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण आतून कासाराचा आवाज आला, "आमची हाय. लवकर ये वो, अंग वलं हाय, खिडकी लावतो."

गाडी गेली. मी तशीच रस्त्यात उभी.

"बाई," मागून आबाजी म्हणाले, डोळे दुपट्ट्याने पुसत, "तोंड मिटा. धुरळा जाऊन राह्यला आत."