पोपटी दाराचा मसाला

भांडुपहून मी निघालो म्हणण्यापेक्षा ताईने मला हाकललं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा मालवणी मसाला असा जहाल, की इथे डबा उघडला की मुलुंडमध्ये माणसं शिंकतात. दुसऱ्या दिवशी घाटकोपरच्या प्रदर्शनात तिचा पहिलाच स्टॉल होता आणि पाकिटाचं लेबल करायचं होतं मी, घरच्या ग्राफिक डिझायनरने. सत्राशे साठ नमुने दाखवले. सगळ्यांवर मिरची!

"मेल्या, मिरची सगळ्यांच्याच पाकिटार असता! माझा पाकीट लांबसून वळखूक येवक व्हया (ओळखू यायला हवं). संध्याकाळी छापूक जावचा आसा. जा, काय तरी बघून ये!"

रिक्षाने मार्वेच्या धक्क्याला निघालो. वाटेत दिसेल ती पाटी बघत होतो. मालाडच्या एका सलूनच्या पाटीवरचा हिरो इतका गोरा, की मी गॉगल चढवला. तरी डोक्यात मिरचीच.

मार्वेहून फेरीबोटीने मनोरीचा कोळीवाडा. उतरल्या उतरल्या बोंबील खाल्ले. कुरकुर खाडीपलीकडे ऐकू गेली असणार. मग वाळूवर ओढलेल्या एका होडीच्या काठावर ऐसपैस टेकलो.

"आरं दादा, ऊठ! रंग वला हाय!" जाळ्यातली मासळी निवडणारी एक मावशी ओरडली.

उठलो, पण पँटच्या बुडावर निळे-पिवळे पट्टे उमटले होते.

"एवढे भडक रंग कशाला हो, मावशी?"

"घराघराचं पट्टं येगळं. होडी लांब ठिपक्याएवढी दिसली, तरी कलतं, आपला मानूस आला." मग माझ्या मागे बघून ती खो खो हसली. "आता तुजी बायको पन तुला लांबून वलखंल!"

परत येताना फेरीबोटीत उभाच होतो. रिक्षात खाली पेपर अंथरला. गल्लीच्या तोंडाशी उतरून पैसे द्यायला वळलो, तर ताई वर दारातून गरजली, "मागे काय ता?"

"डिझाइन!" मी छाती फुगवून म्हणालो आणि दारापाशी येऊन होड्यांची गोष्ट सांगितली.

तिने मला फिरवून पट्टे निरखले. "पण ते पट्टे तिच्या घराचे. आपले खंयचे (कुठले)?"

दोघांनीही एकदमच वळून दाराकडे पाहिलं. पोपटी दार, पिवळी चौकट. बाबा दर गणपतीला तोच रंग द्यायचे. बाबा गेल्यावर ताई देते. पोस्टमनपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्या भांडुपला आमचा पत्ता एकच: पोपटी दार. रोज त्याच दारातून ये-जा करणाऱ्या मला तेवढं दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पोपटी पाकीट छापलं, कडेने पिवळी चौकट. मिरचीला रजा.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सगळीकडे लालच लाल पाकिटं. ताई पदराशी चाळा करत बसलेली. तेवढ्यात पार प्रवेशद्वारापासून भांडुपचीच एक बाई हात हलवत आली, "अगो, ह्या आमच्या पोपटी दाराचा ना?"

ताईने पहिलं पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि माझ्याकडे बघून फक्त नाक ओढलं. मसाल्यामुळे, असं ती म्हणते.

पँट मात्र मी धुतलेली नाही. एखादं मोठं कलादालन ती मागायला येईल, तेव्हा बघू.