तिसऱ्या रांगेतला दगड

आत्या गेली त्याला पाच आठवडे झाले. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या तिच्या शेजारणीचा फोन आला, "दीदी, जल्दी आ जाओ," तेव्हा मी ऑफिसात रस्त्याच्या नकाशावर वाकले होते. या नकाशांपायीच मी तिच्याशी खोटं बोलले. ते आता कुठंतरी सांगून टाकायला हवं...

आत्याचं एकुलतं बाळ नवव्या दिवशी गेलं. बारसंसुद्धा व्हायचं होतं. एवढ्याशा जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरताना आईनं तिथं जायचं नसतं. आतोबा रेल्वेत कारकून, साधा माणूस. त्यांनी चौकीदाराला हातापाया पडून बाळाला गोऱ्यांच्या लष्करी कब्रस्तानात ठेवलं, तिसऱ्या रांगेत, कोपरा फुटलेल्या दगडाच्या पायथ्याशी. इंग्रजांच्या वेळी इथं पलटण होती. तापानं गेलेली विशीतली पोरं तिथं झोपलेली. सोजिराचा, म्हणजे गोऱ्या शिपायाचा, दगड कोणी हलवत नाही, म्हणजे खूण राहील, असा त्यांचा हिशोब. पुढं आत्या दरवर्षी पितळी वाटीतून दूध न्यायची आणि आधी त्या सोजिराला वाहायची. त्याची मायही येऊ शकली नसंल, म्हणायची.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद होऊ लागले. तिसरी रांग रस्त्यात गेली. ती रेघ नकाशावर मी ओढली, या हातानं. दगड मानानं उचलून नव्या भिंतीला लावले. खालच्यांना कोण उचलतं? त्या वर्षी मी आत्याला भिंतीपाशी नेलं. मोतीबिंदूनं तिला नीट दिसत नव्हतं, पण फुटका कोपरा तिनं बोटांनी चाचपून ओळखला.

"काहून वं, भिंत एवढी जवळ कशी आली?"

"भिंत तिथंच आहे, आत्या. तुलाच दिसत नाही नीट."

आंधळ्या बाईला तिच्याच डोळ्यांचा दोष दिला मी. या गोष्टीची मला अजून किळस येते.

शेवटी दवाखान्यात तिनं माझा हात धरला. "माही चिमूटभर राख त्याच्यापाशी ठेवजो. नऊच दिवस होता मांडीवर." मी हव म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

बाकीच्या अस्थी राजिमच्या संगमात सोडल्या. चिमूटभर राख त्या पितळी वाटीत ठेवली. राख घरात ठेवत नाहीत, म्हणून वाटी फडक्यात बांधून अंगणातल्या कडुलिंबाला टांगली आहे. भिंतीपाशी नेऊन ठेवली तर पुन्हा खोटंच. रस्त्यावर ठेवली तर चाकाखाली. रोज सकाळी स्कूटी काढताना वर बघते आणि तशीच निघते. ऑफिसची वाट त्याच रस्त्यावरून जाते. नकाशा माझा, त्यामुळे बाळाची जागा मला बरोबर ठाऊक आहे... सिग्नलच्या थोडी अलीकडे. दिवा लाल झाला की कधीकधी माझी गाडी नेमकी तिथंच थांबते, आणि मला पाय खाली टेकवावा लागतो.