प्रज्ञाची गोष्ट कुणी काढायला लावली

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आमच्या ग्रुपवर तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्याशी बोलते आहे — की ओळखत असाल? ग्रुपमधलंच कुणी हे वाचत असेल तर? असू दे. आता थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

मी नाशिकला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. काही वर्षांपूर्वी टीव्हीवरची एक मालिका मध्येच बंद पडली, एका महिला इन्स्पेक्टरची. आम्हा काही बायकांना ते सहनच होईना, म्हणून एक ग्रुप करून तिची पुढची गोष्ट आम्हीच लिहायला लागलो. फॅन फिक्शन म्हणतात याला. पात्रं दुसऱ्याची, गोष्ट आपली. कथांच्या एका अ‍ॅपवर टाकायचो आणि वर एक ओळ लिहायचो — पात्रांचे हक्क मूळ निर्मात्यांचे, आम्ही फक्त चाहत्या. परवानगी कुणीच मागितली नव्हती. ती ओळ लिहिली की आपण सुटलो, असं धरून चाललो होतो.

प्रज्ञा मला तिथेच भेटली. सिन्नरची, तिथल्या एका कारखान्यात स्टोअरला कामाला. माझ्यापेक्षा बरीच लहान. ताई म्हणायची आणि प्रत्येक भाग आधी मला वाचायला पाठवायची. रविवारी नाशिकला आली की द्वारका चौकाजवळ चहा प्यायचो आणि इन्स्पेक्टरबाईंचं पुढे काय करायचं यावर भांडायचो. सुरुवातीला माझे वाचक जास्त होते. मग तिचे झाले. हे मला टोचत होतं का? तेव्हा विचारलं असतंत तर मी हसून नाही म्हटलं असतं.

एकदा तिनं मला न दाखवताच भाग टाकला. त्यात इन्स्पेक्टरबाई गेलेल्या वडिलांचं घड्याळ मनगटावर घालतात. ते इतकं सैल असतं की हात वर केला की कोपरापर्यंत घसरतं. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे घड्याळ माझं होतं! माझ्या अर्धवट गोष्टीत मी ते लिहून ठेवलं होतं, अजून कुठे टाकलं नव्हतं. बोलता बोलता मीच तिला सांगितलं असणार — म्हणूनच तर तिनं हा भाग लपवला. एकदा संशय शिरला की सगळं जुळत जातं. चहा पिताना ही मोबाइल पालथा का ठेवते? मी बोलत असताना मध्येच काय टाइप करते?

तिला विचारलं का मी? नाही. एक फोन करायचा होता. नाही केला.

अ‍ॅपवर कॉपीराइटची तक्रार करायची सोय होती. घड्याळ माझं आहे हे मी दाखवू शकत नव्हते. मग मी — मी नवा ईमेल उघडला आणि मालिकेच्या निर्मात्यांच्या वतीनं तक्रार केली. आमची पात्रं विनापरवाना वापरली आहेत, असं लिहिलं. आमची! माझ्या गोष्टींत तीच पात्रं होती, तितकीच विनापरवाना. माहिती खरी आहे का, असं अ‍ॅपनं विचारलं. मी हो म्हटलं.

दोन दिवसांत तिची गोष्ट गेली. सगळे भाग, वाचकांनी लिहिलेलं सगळं. ती थेट अ‍ॅपवरच लिहायची; दुसरीकडे कुठे काही ठेवलेलं नव्हतं.

तिचा फोन आला. रडत नव्हती, ते जास्त अवघड होतं. म्हणाली, "ताई, मालिकेच्या कंपनीनं केलं असतं तर तुझ्याही गोष्टी गेल्या असत्या ना? माझीच कशी?"

"अगं, माझीही एक गेलीये," मी म्हणाले. फोन ठेवला आणि माझी एक गोष्ट अ‍ॅपवरून लपवली. त्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांनी प्रज्ञाचं सांत्वन केलं, माझंही केलं. मी ते घेतलं.

रविवारी ती आली. चहा तसाच निवत होता. "गोष्ट काय, परत लिहीन," ती म्हणाली. "आईचं घड्याळ होतं ना त्यात, म्हणून जीव जळतोय. तिला वाचून दाखवायचं होतं सरप्राइज म्हणून. तुलाही दाखवलं नाही."

"आईचं?"

"पप्पा गेल्यावर आई त्यांचं घड्याळ घालून कामावर जायची. कोपरापर्यंत सरकायचं. तुला सांगितलं होतं की इथंच बसून. तू रडली होतीस."

रडले होते. आठवलं — ती दुपार, तिचा आवाज, सगळं. आणि घरी जाऊन ते माझ्या गोष्टीत घालताना ती कुणाची आठवण आहे, हे मी विसरून गेले होते.

तेव्हा तरी बोलायचं. ती समोर होती. उलट तिनंच विचारलं, "आपल्यातलंच कुणीतरी आहे. तुला कोण वाटतं?"

आणि मी रेवतीचं नाव घेतलं.

रेवती ग्रुपवर नवीन होती. आपण निर्मात्यांना रीतसर परवानगी विचारूया का, असं तिनं एकदा सरळ मनानं लिहिलं होतं. आमच्यात तेवढं तिला एकटीलाच सुचलं होतं. "कॉपीराइटचं तीच काढत होती ना?" मी म्हणाले. एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तिला ग्रुपमधून काढलं. तिनं एकेकीला मेसेज करून सांगितलं, मी काही केलं नाही हो. मलाही आला. मी उत्तर दिलं नाही.

पण संशय रेवतीबरोबर गेला नाही. कुणी कुणाला न टाकलेला भाग दाखवेना. बायका एकमेकींना खासगीत विचारायच्या, ही विश्वासातली आहे का? माझ्याबद्दल कुणी असं विचारलं नाही. माझी तर स्वतःची गोष्ट गेली होती ना.

प्रज्ञानं परत काही लिहिलं नाही.

काही महिन्यांनी मी लपवलेली गोष्ट पुन्हा दिसू दिली. ग्रुपवर सांगितलं की मी अ‍ॅपवाल्यांशी भांडून परत मिळवली. खाली पहिली प्रतिक्रिया प्रज्ञाची होती — "ताई, तुझी तरी वाचली. बरं झालं."

त्यावर मी लाल बदाम टाकला.