ओळंब्यातलं कांदळवन

माझ्या साडूंना सगळे ओळंबा म्हणतात, गवंडी भिंतीचा सरळपणा तपासतो त्या दोरीवरून. खाडीकाठच्या कांदळ रोपवाटिकेचे ते प्रमुख. रांगा एकसारख्या वाढाव्यात म्हणून वर्षानुवर्षे ते एकाच सरळसोट झाडाच्या शेंगा लावत आले. मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला त्या रांगा जुळलेल्या ताळेबंदासारख्या वाटत.

मग वनखात्याच्या तपासणीवाल्या बाई पाने घेऊन गेल्या आणि निकाल घेऊन आल्या. "सगळा किनारा एकाच आईची लेकरं आहे. जी कीड एकाला मारेल, ती सगळ्यांना मारेल. या हंगामात दुसऱ्या खाड्यांतलं बी आणा, नाहीतर रोपवाटिका दुसऱ्याकडे जाईल."

"घरचे गुण्यागोविंदाने राहतात, ते बघवत नाही लोकांना," साडू मला म्हणाले.

तरी इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. होडीत मेव्हणी आणि मीही होतो. पलीकडच्या खाडीत साडू प्रत्येक झाडासमोर स्थळ पाहायला आल्यासारखे उभे राहत.

"उंची बरी आहे. पण खांदा उतरलाय."

"तुम्हाला पसंत करताना माझ्या आईने खांदे पाहिले होते का?" मेव्हणीने विचारले.

"माझे सरळच आहेत."

"ते शिंप्याचे आहेत."

पुढचे झाड ठेंगणे निघाले, त्यापुढचे दोन बुंध्यांचे. साडू नाक मुरडत राहिले. पाणी चढू लागले तसा होडीवाला वैतागला. "अहो साहेब, शेंगा न्यायच्यात की वरात?"

मेव्हणीने पदर खोचला आणि नाकारलेल्या एकेका झाडाच्या शेंगा तोडायला घेतल्या. साडूंनी तोंड फिरवून पिशवी धरली.

काही महिन्यांनी बाई पाहणीला आल्या तेव्हा मी तिथेच होतो. जुन्यांत नवी रोपे मिसळलेली होती.

"यातली बाहेरची कोणती?" त्यांनी विचारले.

"हा दोन बुंध्यांवालीचा. आईसारखाच, कुठे झुकायचं ते ठरत नाही. ही ठेंगणीची, पाणी आलं की आधी हीच बुडते, पण कुरकुर नाही. तो कोपऱ्यातला उतरल्या खांद्यांच्या घरचा. जरा आळशी आहे, पण मनाचा चांगला." साडू एकेकाची ओळख करून देत चिखलातून पुढे सरकत होते. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिले.

"बरं, रोपवाटिका तुमच्याकडेच राहील," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि यातली तुमच्या झाडाची कोणती?"

साडूंनी रांगांवरून एकदाच हात फिरवला.

"उरलेली," ते म्हणाले.