पांढऱ्या मातीची जीप

ललितलेख म्हणलं की तुम्ही मोगऱ्याच्या, गेलाबाजार ताज्या सारवणाच्या वासाची तयारी ठेवून बसला असणार. पाठीला उशी लावली असेल, शेजारी चहा असेल. तर माफ करा, मला आठवण आली ती उंदराच्या मुतानं. आमच्या नांदेडच्या गल्लीत एका मित्रानं नवीकोरी गाडी आणलीय. ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतो तो, आणि ‘कॉम्पॅक्ट’ म्हणताना ओठांचा असा चंबू करतो की मी तो पहिल्याच दिवशी उचलला. आता सगळी गल्ली तशीच म्हणते. गाडी आठवडाभर उभी राहिली तर आत उंदरांनी संसार मांडला. परवा त्यानं बॉनेट उघडलं आणि कुरतडलेला कापूस, ऑइल, धूळ आणि तो आंबूस, डोळ्यात जाणारा वास एकदम बाहेर आला. सगळे नाक धरून मागं सरले. मी पुढं सरलो. बराच वेळ तिथंच वाकून उभा राहिलो. मित्राला वाटलं मी उंदराची नक्कल करायची तयारी करून राहिलोय.

त्या वासाची पहिली गाडी लातूरला होती, मामाच्या घरामागं, बोरीच्या झाडाखाली. मी तेव्हा लातूरला बारावी परत देत होतो. आम्हाला ‘रिपीटर’ म्हणायचे, आणि लातुरात त्या काळी रिपीटर म्हणजे घराण्याचा नवसाचा बैल; खायला चांगलं, पण मान खाली. भूकंपाला दहा-अकरा वर्षं झाली होती आणि क्लासेसचा पूर आला होता. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, गल्लीगल्लीत ‘रूम देणे आहे’च्या पाट्या. मामीनं घराच्या पुढच्या तीन खोल्या पोरांना दिल्या होत्या आणि मागं मेस चालवायची. आमच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग होती, सिमेंटनं बुजवलेली. तिच्यावर आम्ही अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलं होतं. परभणीच्या, हिंगोलीच्या पोरांना ती भेग कशाची ते ठाऊकही नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मीही सेंद्रिय रसायनशास्त्र त्याच भेगेकडं बघून पाठ केलं.

मामा त्या मेसमध्ये डबे भरायचा. हे सांगायला सोपं आहे, पण तुम्ही भूकंपाच्या आधीचा मामा बघितला नाही. तो जीपवर सवाऱ्या मारायचा. आखूड अंगाची, डब्यासारखी छोटी डिझेल जीप, त्यात पंधरा माणसं आणि सोळावा मी, गिअरच्या दांड्याजवळ. मामा मागं न बघता मागच्या प्रत्येकाचा आवाज काढायचा. तंबाखू तोंडात धरून बोलणारा तलाठी, निलंग्याकडची कानडी हेल काढणारी म्हातारी, शेळीवरून तिकिटाचा वाद घालणारा पाहुणा. ज्याची नक्कल केली तोच सगळ्यांत जास्त हसायचा. माझ्या गळ्यातले निम्मे आवाज मामाचे आहेत. मी फक्त वारस. मग गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. मामा जीप घेऊन पडलेल्या गावांकडं गेला तो आठ दिवसांनी आला. गाडी बोरीखाली लावली, चावी खिळ्याला अडकवली, आणि तेव्हापासून दोन शब्दांच्या पुढं बोलला नाही. ‘जेवला का.’ ‘बस झालं.’ आठ दिवसांत काय झालं हे मामीनंसुद्धा विचारलं नव्हतं. आमच्याकडं तसं कुणी कुणाला विचारत नाही.

तर मामीला बोरीच्या जागेवर आणखी दोन खोल्या बांधायच्या होत्या, आणि भंगारवाला येऊन गाडीभोवती फिरून गेला होता. चाकं मातीत रुतलेली, टपाचं कापड उसवलेलं, सीटमधून काथ्या बाहेर, आणि आत पिढ्यान्‌पिढ्यांचे उंदीर. मी म्हणलं, भंगाराच्या भावात मलाच द्या. स्नेहसंमेलनात सगळ्या सरांच्या नकला करून मिळवलेलं बक्षीस होतं, तेवढ्यात ती आली, यावरून तिची किंमत समजा. मामी म्हणाली, पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात आणि आमचा भाचा भंगार गोळा करून राहिलाय. मला गाडीचा शौक नव्हता हो. मला मामा पाहिजे होता, पहिला, बोलणारा. त्यानं एकदा परत स्टेअरिंग धरलं की त्याचा गळा आपोआप सुरू होईल, असं माझं साधं गणित. आणि माझी गणितं कशी असतात ते मार्कलिस्टवर होतंच. मी चावी मागितली तेव्हा मामानं खिळ्यावरची काढून दिली आणि म्हणाला, ‘पाटे बघ.’ दोन शब्द.

नांदेडला आमच्या घराजवळ एक मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, वडील ट्रकवर आले, आणि चाचा जे काही हलतं त्या सगळ्यावर. रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये घालून मी जीप त्यांच्या दारात उतरवली. चाचांनी बॉनेट उघडून वास घेतला, हातानं इंजन फिरवून बघितलं आणि म्हणाले, ‘दम हाय. बाकी सगळा मलबा.’ नेहमी मी लगेच त्यांचा आवाज परत त्यांनाच ऐकवला असता. त्या शब्दावर मला ते जमलं नाही.

सुट्टी मिळेल तसा मी नांदेडला यायचो आणि आम्ही दोघं तिला उकलत बसायचो. क्लच प्लेट चिकटून बसलेली. ब्रेक जाम. डिझेलच्या टाकीत गंजाचा असा लाल गाळ की चाचांनी टाकी उलटी करून लाकडाच्या हातोडीनं दुपारभर बडवली. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. पाटे मात्र, गाडीचं वजन पेलणाऱ्या त्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, शाबूत होते. मामाला उगीच काळजी. चाचा कामात कमी बोलत, पण एकदा पान लावता लावता सांगितलं की भूकंपाच्या वेळी गॅरेजातले सगळे जॅक तिकडं दिले होते, दगड उचलायला. दोन परत आले. बाकीच्यांचं काय झालं, मी विचारलं. तर म्हणाले, कशाच्या तरी खाली टेकू असतील अजून. हे म्हणाले आणि परत पानाला चुना लावायला लागले.

मग एक दिवस आम्ही पायाखालचं रबर उचललं. खाली माती होती. तीन-चार बोटं जाड, घट्ट बसलेली, पांढरी. आपल्याकडं शेताची काळी आणि गावठाणाची पांढरी, हे तुम्हाला सांगायला नको. जुन्या माळवदाच्या घरांवर, दगडी भिंतींच्या पोटात भरलेली असते ती. तिच्यात बांगडीचा हिरवा तुकडा होता आणि लहान पोराच्या शर्टाचं बटण. मी पाण्याचा पाइप सोडायला निघालो, तर चाचांनी नळ बंद केला. ‘ही धुवायची न्हाई बेटा,’ म्हणाले. ‘लोकाचं घर हाय हे. माझ्या नालीत कसं सोडू? जिथलं तिथं न्हेऊन ठेव.’ आणि त्या माणसानं, ज्याच्या हाताला ग्रीसशिवाय काही माहीत नव्हतं, खुरप्यानं ती माती अशी अलगद खरवडली जशी कुणाच्या अंगावरून काढून राहिलेत. तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरून तोंड शिवलं. तुकडा आणि बटण आतच.

गाडी सुरू झाली त्या दिवशी गल्लीत एवढा धूर झाला की समोरच्या काकूंनी वाळवण उचललं. पुढच्याच रविवारी लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी ती लातूरला नेली. मामा आवाज ऐकून बाहेर आला, उभा राहिला, टायर बघितले. मी चावी पुढं केली. त्यानं बोरीच्या झाडाकडं बघितलं. मग मी पोत्याचं सांगितलं, चाचा काय म्हणाले ते सांगितलं. मामानं चपला घातल्या आणि मागच्या, सवाऱ्यांच्या बाकड्यावर जाऊन बसला, पोतं दोन पायांमध्ये धरून. पुढं मी एकटा. आरशात मला त्याचा फक्त एक कान दिसत होता.

भूकंपात पडलेल्या त्या गावाच्या जुन्या गावठाणावर आता बाभळी आहेत, आणि दगडांचे ढीग, आणि कुठंतरी मधेच उभी राहिलेली एक चौकट, दाराशिवाय. मामा न अडखळता त्या सगळ्यातून चालत गेला, एका ढिगापाशी थांबला, पोतं उसवलं आणि माती खाली सोडली. मी पंधरा पावलं मागं उभा होतो. नकला करणाऱ्याला एक वाईट खोड असते, कुठंही गेलं की कान आवाज शोधतात, उचलायला. तिथं उचलायला काहीच नव्हतं. वाऱ्याचा आवाजसुद्धा दगडांच्या वरून जात होता, आत नाही.

परतीची वाट त्याच लोकांना सरकारनं बांधून दिलेल्या नव्या गावातून होती. पट्टीनं आखलेले रस्ते, एकासारखं एक घर, अंतराअंतरावर. रेडिएटर तापला होता आणि रस्त्यात शेळ्या होत्या. मला त्या शांततेनंतर थोडी ऐट करावीशी वाटली. मी दोन लांब हॉर्न दिले. हॉर्न जुनाच होता, चाचांनी फक्त साफ केलेला. लिंबाच्या सावलीला गाडी घेतली आणि इंजन बंद केलं, थंड व्हावं म्हणून.

आणि गाव थांबलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. नळावरच्या बाईनं तोटी फिरवून पाणी बंद केलं. ओसरीवर शेंगा फोडणाऱ्या म्हाताऱ्याचे हात तसेच राहिले. गिरणीवाल्यानं पट्टा उतरवला. एका माणसानं खेळणाऱ्या पोरांपुढं नुसता तळवा धरला, आणि भूकंपानंतर जन्मलेली ती पोरंही गप झाली. कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना किंचित खाली झुकलेल्या, नजर जमिनीवर, पायांच्या आसपास. मला वाटतं आपण काय करून राहिलोत हे त्यांनासुद्धा कळलं नव्हतं. त्यांचे कान त्यांच्या आधी उठले होते.

मला शांतता सोसत नाही. शाळेत तासाला दोन मिनिटं सगळे गप झाले की तिसऱ्या मिनिटाला मी कोंबडा व्हायचो. आजही मी आवाजावरच पोट भरतो. नांदेडात क्लासच्या प्रवेशाची जाहिरात करत जी रिक्षा फिरते, तिच्या भोंग्यातून मीच ओरडत असतो. रस्ता कापत, एका गल्लीवरून दुसरीवर, माझा आवाज माणसांच्या अंगावर पडत जातो, आणि कधीकधी रेकॉर्डिंगच्या खोलीत दोन वाक्यांच्या मधे मी थांबतो तेव्हा काचेपलीकडचा पोऱ्या विचारतो, काय झालं? काही नाही म्हणतो मी. त्या दिवशी पण मी असाच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी फार तर दहापर्यंत मोजलं असेल. घाबरून सेल्फ मारला. इंजन धडधडलं, नळावरच्या बाईनं दचकून वर बघितलं, शेंगा पुन्हा फुटायला लागल्या, आणि मी गाडी गावाबाहेर काढली.

शिवेच्या पाटीपाशी मामानं मागून पत्रा बडवला. मी थांबलो. तो उतरला, फिरून माझ्या बाजूला आला, पण आत बसला नाही. दारावर हात ठेवून उभा राहिला आणि बोलायला लागला, दहा वर्षांचं एका दमात. असा मोठ्यानं की बाभळीतली पाखरं उडाली.

‘तुला कुनी सांगितलं होतं चालू करायला? आं? दोन हॉर्न म्हंजे फावडी बंद. इंजन बंद म्हंजे समद्यांनी गप ऱ्हायचं, खालून कुनी हाक देतंय का ते ऐकायचं. सगळं गाव माझ्या हॉर्नवर थांबायचं तवा. एका घरापुढं मी अशीच लौकर चालू केली. पलीकडून बोलावणं आलं होतं म्हनून. दुसऱ्या दिवशी तिथून पोरगी काढली तर हातात वाटी होती, अन् वाटीचा काठ पार चेपलेला. किती येळ वाजवली असंल तिनं? माझ्या इंजनात ऐकू आली न्हाई ती, का तिनं नंतर वाजवली, हे मला कोन सांगनार? अन् तू लेका, दहा न्हाई मोजले तर सेल्फ मारतोस. लोक ऐकून राहिलते ना? मग ऐकू द्यायचं. पुरतं ऐकू द्यायचं. तुला एवढी कशाची घाई हाय रे?’