पांदणीचा पुरावा

रत्नमालेच्या दीड एकरात सोयाबीन वाळून तडतडत होतं आणि मळणीचा हडंबा आत न्यायला वाट नव्हती. केनवडकडची जुनी पांदण शेजारच्या जगदेवने तीन वर्षांत नांगराचं एकेक तास आत सरकवत गिळली होती. नवऱ्यामागे मजुरी करून शेत राखणारी ही बाई, पण दबणारी नव्हे. अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठे मंडळ अधिकारी पंचनाम्याला आले.

तिने आधी मोबाइल पुढे केला. "हे वाचा सायेब. वाट अडवता येत नाही, असा कायदाच हाय."

"बाई, हा नियम दुसऱ्या राज्यातला आहे. दिला कोणी?"

"वॉट्सॅपच्या गटावर आला."

जगदेव हसला. "उद्या गटावर येईन का सारं शिवार हिचंच हाय, तर देऊन टाका!"

पंचनामा पाहायला जमलेली माणसं खिदळली. रत्नमाला पेटली. "माह्या सासऱ्याची बंडी इथूनच जाये! अख्ख्या गावाले ठाव हाय!"

अख्खं गाव चपलेने माती उकरत उभं राहिलं.

"तुमचं म्हणणं तुमच्या फायद्याचं, त्यांचं त्यांच्या," साहेब म्हणाले. "मी कुणाचं लिहू?"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. शेत तिचं आणि तोंडही तिचंच, तर बोल हलका पडणारच. तिने आजूबाजूला पाहिलं. जगदेवची आई प्रयागबाई पोराचा डबा घेऊन बांधावर बसली होती. रत्नमाला तिच्यापुढे उकिडवी बसली.

"काकू, तुमी नवरी होऊन आल्या तवा बंडी कोठून आली?"

"माय, घरी जाय तू!" जगदेव ओरडला.

"थांब रे." म्हातारीने पदर सावरला. "याच पांदनीनं आली. शिवेच्या गोट्यावर मामंजीनं नारळ फोडला, मंग गावात घेतलं मले. तो गोटा आता तुह्या तुरीत हाय, जगदेव."

साहेब तुरीत शिरले. शेंदूर लावलेला गोटा दिसला, तेव्हा त्यांनी पेन उघडलं. ज्या तोंडाला खरं बोलून तोटाच होता, त्या तोंडाचं त्यांनी शब्दन् शब्द लिहिलं.

म्हातारीचा अंगठा उमटला. जगदेव डबा तिथेच टाकून मोटारसायकलवर निघून गेला.

"आता घरी चहा भेटत नाही मले," प्रयागबाई म्हणाली.

"माह्या घरी चाला."

पन्नास वर्षं बांधाला बांध होता, पण रत्नमालेच्या बौद्ध घरचं पाणीही प्रयागबाईने कधी घेतलं नव्हतं. तिने अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली आणि हात पुढे केला.

"उठव मले. अन् साखर हात राखून टाकू नको."