मधपेट्यांजवळची बाई

यजमान गेल्यावर माझ्या हातांना घरात काही काम उरलं नाही, म्हणून मी तंजावूरहून बसने पापनाशमजवळच्या एका नारळीच्या बागेत मधमाश्या पाळायला शिकायला गेले. शिकवणारी बाई माझ्याच वयाची होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती फार बोलायची नाही, हात धरून दाखवायची. नारळाच्या सोडणाचा धूर पेटीवर सोडून तिने माश्यांनी भरलेली चौकट माझ्या हातात दिली आणि खालून आपला तळहात लावून ठेवला.

चौकट परत ठेवताना मला माशी चावली. तिने नखाने काटा खरवडून काढला.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी तमिळमध्ये विचारलं.

"कोणी नाही, अम्मा. पेट्या माझ्या मुलाच्या. तो कालव्यात बुडाला. थोड्या दिवसांनी घरातले म्हणायला लागले, आता रडणं पुरे. मग मी इथे यायचे. माशी चावली की रडता यायचं. कोणी काही म्हणायचं नाही."

बोटाची आग ओसरली, तरी माझे डोळे वाहतच राहिले. तिने पेटीवर झाकण ठेवलं आणि ती माझ्याजवळ मातीत बसली. पुढची पेटी तिने उघडली नाही.